वळकटीची गाठ

अहल्या नळावरून लवकर परतली, तेव्हा मल्लेश्वरमच्या घराच्या परसात मामंजी तिच्या लेकीला, वसुमतीला, वळकटी खांद्यावरून आडवी घेऊन छातीवर बांधायला शिकवत होते. पोर कॉलेजातल्या मुलींबरोबर गोकर्णाहून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत जाणार होती. वाटेत खाड्या होत्या.

"भरती असली तर काठावर बसून राहायचं. ओहोटी लागली की काठीनं तळ चाचपत उतरायचं," मामंजी हलक्या आवाजात सांगत होते. "आणि पाण्यात पाय टाकण्याआधी छातीवरची गाठ सोडायची. वळकटी नुसती एका खांद्यावर."

"आणि भिजली तर? तुमचं धोतर पांघरू?" वसुमती हसली.

"वाहून गेली तरी जाऊ दे, बाई. पाय घसरला की भिजलेली वळकटी माणसाला वर येऊ देत नाही. तुझ्या अण्णाची गाठ सुटलीच नाही."

अहल्या घागर कमरेवर घेऊन दारातच उभी राहिली. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तिचा थोरला, वसुमतीचा अण्णा, असाच निघाला होता. आगगाडीत चोऱ्या होतात म्हणून त्याच्या छातीवर दुहेरी निरगाठ तिनंच मारली होती, दातांनी ओढून आवळली होती. खाडीनं मुलगा नेला, एवढंच घरातल्यांनी तिला सांगितलं होतं.

मामंजींनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहल्या, तू कधी आलीस?"

तिनं घागर खाली ठेवली आणि ती लेकीला लागून बसली.

"थांबू नका, मामंजी," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. मोठ्यानं सांगा."