थरथर

तबरेजने कॅमेरा काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

"तीन वर्षं पण नाय झाली, मॅडम! काल सानपाड्याला अख्खा निकाह शूट केला, एक क्लिप धड नाय. घेताना काय सांगितलं होतं? हातात धरून पळा, चित्र हलणार नाय."

"बघते, सर," महाप्याच्या त्या सर्व्हिस सेंटरमधली सुनयना शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाने तो आणखीच भडकला.

मागच्या खुर्चीत त्याचे अब्बा, नझीर, मान खाली घालून बसले होते. बिल त्यांच्या नावावर, म्हणून त्यांना आणावं लागलं. एरवी वर्षभर ते एकाही शूटला आले नव्हते. वर्षापूर्वी ह्याच कॅमेऱ्यावर त्यांनी घेतलेला जासईच्या लग्नाचा व्हिडिओ हलला, तेव्हा भर पाहुण्यांत तबरेजनेच मुलीच्या वडिलांना हात जोडले होते. "अब्बांचा हात थरथरतो आता. माफ करा." तेव्हापासून नझीर दुकानात बसून अल्बमचे फोटो निवडत. आयुष्यभर लग्नं टिपलेला माणूस, पण त्यानंतर कॅमेरा हातात घेतला नव्हता.

सुनयनाने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि मोठ्या स्क्रीनला जोडला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्क्रीनवर लटलट हलू लागलं.

"बघा!" तबरेज ओरडला. "हात कुणाचाच लागलेला नाय, तरी थरथरतंय!"

बोलून गेला आणि त्याने चटकन मागे अब्बांकडे पाहिलं.

"चित्र स्थिर राहावं म्हणून आत सेन्सरला सावरणारी यंत्रणा असते, ती गेलीय," सुनयना म्हणाली. "एकदम नाही जात. आधी मधूनमधून हलतं, मग वाढत जातं. पहिल्यांदा कधी दिसलं?"

"आत्ताच... ह्या महिन्यात."

"जासईला," मागून आवाज आला.

नझीर उठून काउंटरपाशी आले. चेहरा लालबुंद, कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. तबरेजने "अब्बा" म्हणत त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकून टाकला.

सुनयनाने दोघांकडे पाहिलं. "दुरुस्त झाल्यावर फोन कुणाला करू?"

तबरेज नंबर सांगू लागला.

"माझा लिहा," नझीर म्हणाले. "आणि ह्याच्या हातात देऊ नका. मी स्वतः येईन न्यायला. लवकर करा, लग्नं घ्यायचीत मला."

मुलाकडे न बघताच त्यांनी त्याच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची रिकामी बॅग ओढून घेतली.