बरणीतल्या माश्या

माश्या संपवायला माश्याच सोडायच्या, ही गोष्ट माईंना पहिल्या दिवसापासून पटलेली नव्हती.

"उद्या चोर पकडायला चोर नेमतील," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि तू त्यांना बिल्ले वाटत फिरशील."

सून हसली आणि पायात बूट अडकवून निघाली. खोऱ्यातल्या संत्र्याच्या बागांमधून पिवळे सापळे टांगलेले असत. त्यांत कुठली माशी अडकली आहे हे बघत झाडाझाडाखालून फिरायचं, हीच तिची नोकरी. पूर्वी फवारणी करून भागत होतं. मग परदेशी खरेदीदारांनी फर्मान काढलं, की फळावर त्या औषधाचा वाससुद्धा चालणार नाही. बरं, औषध नको म्हणजे माशी चालेल का? छे! फळात अंडी घालणारी रानटी माशी खोऱ्यात पसरली की बंदरावर सगळ्यांच्याच मालाला दार बंद. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली, तेव्हा कार्यालयाने ही नवी युक्ती काढली. प्रयोगशाळेत नर माश्या वाढवायच्या, किरणांनी त्यांची प्रजाशक्ती घालवायची, ओळखू याव्यात म्हणून गुलाबी पूड लावायची आणि गाडीतून बागांवर सोडायच्या. रानातल्या माद्या त्यांच्याशी संसार मांडणार, पाळणा काही हलणार नाही, वंश आपोआप बुडणार.

"लग्न लावून वैर साधायचं!" माई म्हणाल्या. "हे डोकं सरळ माणसाचं नाही."

ते डोकं ज्या अधिकाऱ्याचं होतं त्याला सगळे माशीसाहेब म्हणत. माईंनाही मागून एक नाव होतं, दुर्बीण. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. कारण त्यांना खरंच दिसायचं. माशीसाहेबांच्या कार्यालयाबाहेर रसाच्या कारखान्याच्या दलालाची गाडी उभी असते, हे आधी कुणाला दिसलं? माईंना. निर्यात बंद पडली तर एवढी संत्री जाणार कुठे? रसाच्या कारखान्यात, तो म्हणेल त्या भावाने. मग माशी वाढली तर फायदा कुणाचा? माईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

त्यांचा संशय कुणालाच वगळत नसे. खोऱ्याच्या तोंडाशी नाका होता. कीड आत येऊ नये म्हणून बाहेरून येणारं प्रत्येक फळ तिथे काढून घेत. "नष्ट करतो म्हणतात," माई सांगत, "पण तिथल्या पहारेकऱ्यांची पोटं पाहिलीत? सगळं तिथेच नष्ट होतं!"

आता संशयाचं एक असतं. नुसता घोळवत ठेवला की आंबतो. माई घोळवणाऱ्यांतल्या नव्हत्या, पडताळणाऱ्यांतल्या होत्या. एका सकाळी गाडी माश्या सोडून गेली. थंडीने सुस्तावलेल्या काही माश्या माईंच्या ओट्यावर पडल्या होत्या. माईंनी त्या कागदावर अलगद गोळा केल्या आणि एका मोठ्या काचेच्या बरणीत सोडल्या. खायला साखरेचं पाणी आणि अंडी घालायला एक फळ आत ठेवलं. तोंडाला मलमलीचा दुहेरी फडका घट्ट बांधून बरणी फडताळात मागे सरकवली. प्रजा होणार नाही म्हणतात ना? बघूच.

आणि प्रजा झाली!

आठवडाभराने बरणीच्या तळाशी फळ बसकं झालं होतं आणि त्यातून पांढऱ्या अळ्या वळवळत बाहेर येत होत्या. माईंना शहारा आला आणि त्याहून मोठा आनंद झाला. आपला संशय खरा ठरण्याचा आनंद फार गोड असतो, देवाने तो माणसाला जपून द्यायला हवा होता. त्याच दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या बागायतदारांची सभा होती. पुढच्या हंगामातही माश्या सोडायला माशीसाहेब सगळ्यांची संमती घेणार होते. माईंनी ठरवलं, साहेबांचं बोलणं पुरं होऊ द्यायचं आणि मग बरणी टेबलावर ठेवायची. फक्त ठेवायची.

जेवायला घरी आलेल्या सुनेने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टॉवेलखाली काहीतरी झाकलेलं पाहिलं.

"आई, हे काय आहे?"

"तुझ्या साहेबांची नातवंडं. घे, तोंड बघ त्यांचं."

सुनेने टॉवेल उचलला आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. माईंना वाटलं, पकडली चोरी.

"यात माश्या कुठल्या?"

"तुमच्याच. बाहेरच्या ओट्यावरून वेचल्या."

सुनेने पिशवीतून निळा दिवा काढला आणि पडदा ओढून बरणीवर धरला. प्रत्येक माशी गुलाबी चमकली. मग तिने भिंग माईंच्या हातात दिलं. "यांचं मागचं टोक बघा. मादीला तिथे टोकदार नळी असते, अंडी फळात खुपसायला. एकीला तरी आहे का?"

"म्हणजे मी तुझ्यावर विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. बघा."

माईंनी बघितलं. बरणी फिरवून फिरवून, श्वास रोखून प्रत्येक माशी बघितली. नळी एकीलाही नव्हती.

"सगळे नर आहेत, आई. नर अंडी कुठून घालणार? अळ्या फळातच होत्या, आत ठेवलं तेव्हापासून." सुनेचा आवाज खाली आला. "फळ कुठलं होतं?"

फळ पेरू होता. आपलं चांगलं संत्रं कशाला वाया घालवायचं म्हणून त्यांनी खिडकीतला पेरू उचलला होता. भावाने आणलेला. माहेरच्या अंगणातलं ते झाड आईने लावलेलं, आणि दर भेटीत भाऊ त्याचे पेरू आणत असे. यंदा त्याने फोनवर विचारलं होतं, "ताई, नाक्यावर काढून घेतील ना?" आणि माई म्हणाल्या होत्या, "कपड्यांच्या घडीत घाल. त्या खादाडांच्या घशात आईचे पेरू कशाला?"

"आणि बाकीचे?" सुनेने विचारलं.

"खाल्ले." माई खुर्चीवर बसल्या. "दोन फार मऊ झाले होते. ते... संत्र्याच्या बुंध्याशी टाकले. खत होईल म्हणून."

सून धावत बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातांना माती होती. "साली आहेत. आत काही नाही. अळ्या बाहेर पडून मातीत गेल्या असणार."

"मग आता?"

"आज सांगितलं तर आपली आणि शेजारची बाग. सगळी फळं उतरवून खोल पुरायची, मातीवर औषध, भोवती सापळे. बाकीचं खोरं वाचेल. नाही सांगितलं तर महिन्याभरात घरोघरी."

माईंनी बरणीकडे पाहिलं. ती चुलीत रिकामी करायला किती वेळ लागला असता? पाणी उकळत होतंच. सून त्यांच्याकडे बघत उभी होती. तीही आपल्याकडे तसंच बघते आहे जसं आपण जगाकडे बघतो, हे माईंच्या ध्यानात आलं आणि ते फार झोंबलं.

"टॉवेल दे," त्या म्हणाल्या. "झाकून नेऊ. वाटेत सांडायला नको."

शेडमध्ये माशीसाहेबांचं बोलणं त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. बरणी टेबलावर ठेवली, टॉवेल काढला आणि जे झालं ते सांगितलं. फोनवरचं बोलणंसुद्धा.

शेजारचा बागवाला उठला. त्याचीही फळं जाणार होती. "सगळ्या गावाकडे बघणाऱ्या दुर्बिणीला स्वतःचंच स्वयंपाकघर दिसलं नाही होय!"

शेड हसली. माईंनी ते हसणं अंगावर घेतलं. "नाही दिसलं," त्या म्हणाल्या. "तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं. शिव्या घाला, पण शिडी घेऊन या. मला एकटीला उतरवून होणार नाहीत."

"पेरू आणले कुणी?" साहेबांनी विचारलं. "नियमाप्रमाणे नोंदीत त्याचं नाव लागेल."

"आणले भावाने, लपवायला लावले मी. नाव माझं लावा."

माशीसाहेब बरणीकडे झुकून बघत राहिले. "आमची माणसंसुद्धा असे प्रयोग करत नाहीत," ते हळूच म्हणाले. माईंना ते कौतुक वाटलं नाही, सारवासारव वाटली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दलाल पुढे आला. चेहऱ्यावर दुखवटा होता. "पुरून कशाला टाकता? फळं वरून तर धड दिसतात. आमची गाडी उद्या येईल."

"बघा!" माई गर्रकन वळल्या. "खड्ड्यात जाणाऱ्या फळावरसुद्धा याचा डोळा! साहेब, एकही फळ खोऱ्यात फिरता कामा नये. खड्डा भरेपर्यंत मी काठावर उभी राहणार."

आणि उभ्या राहिल्या. शेजारी शिव्या घालत आला, पण शिडी घेऊन आला. सून झाडावर, माई खाली टोपली धरून. पिकायला आलेली संत्री ढिगाने खड्ड्यात पडत होती आणि वास इतका सुंदर सुटला होता की रडू यावं. माईंना आलंही. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि शेजाऱ्याच्या टोपलीत तळाशी काही लपलेलं नाही ना, हे त्याच्या देखत हात घालून बघितलं.

"माझ्यावर पण?" तो ओरडला.

"माझ्या पण टोपलीत बघ. बघ ना!"

त्याने खरंच बघितलं. मग दोघांनाही हसू आलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, झाडावर अजून पेरू आहेत. येऊ घेऊन?"

माईंना त्याला सगळं सांगायचं होतं, पण फोनवर नको. आईच्या झाडाला कीड लागली आहे, हे समोर बसवून हात हातात घेऊन सांगायचं असतं.

"तू ये," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हाताने ये. आणि नाक्यावर थांब. तुझी पिशवी मी स्वतः येऊन उघडणार आहे."

"माझ्यावर संशय, ताई?"

"तुझ्यावर नाही रे, पिशवीवर," माई म्हणाल्या. "आणि तशीही मला तिथे जायचंच आहे. काढून घेतलेल्या फळांचं ते लोक नक्की काय करतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय."