सतरावा प्रश्न

चौकोन दोनच, शर्टाच्या गुंडीएवढेही नाहीत... आणि त्यांच्यापुढे छापलेले दोन इंग्रजी शब्द, कंटिन्युअल आणि कंटिन्युअस. रुग्णाला ओळख न पटणे यांपैकी कोणत्या प्रकारचे, तिथे खूण करा. शुश्रूषागृहाच्या कागदावरचा हा सतरावा प्रश्न; आधीचे सोळा त्याने सकाळीच, चहा निवायच्या आत, भरून टाकले होते.

लेकीचा फोन दोनदा येऊन गेला. "बाबा, करा ना खूण एकदाची. चारला मी कागद न्यायला येतेय. दोन्हीचा अर्थ एकच तर आहे!"

"एकच नाही गं," तो म्हणाला, आणि आपल्याच मास्तरकीचा त्याला वैताग आला. शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं काढली, या दोन नोंदी त्यानेच लिहिलेल्या. पुन्हा पुन्हा घडतं पण मध्ये थांबतं ते पहिलं. ज्यात फटच नाही ते दुसरं. पहिल्याला उदाहरण शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्याचं, दुसऱ्याला नदीच्या वाहण्याचं. बायको तेव्हा तिथेच टाइपिस्ट होती — नोंद टाइप करता करता म्हणाली होती, "कुत्रा कशाला? तुझी कुरकुर घाल की." लग्नाआधी तू आणि लग्नानंतरही तू; चार लोकांत तरी अहो म्हण, म्हणून त्याच्या आईने जंग जंग पछाडलं, पण ही बधली नाही. आता ती त्याला अहो म्हणते.

दोन वर्षं तो त्या मधल्या फटींवर जगला. चार दिवस अहो, तुम्ही, आपण कोण... आणि मग जेवता जेवता एकदम, "तू नखं कापली नाहीस अजून?" — की हा आनंदाने, हातातला घास टाकून, नखं कापायला पळणार. त्या नखांना आज एकोणीस दिवस झाले. एकोणीस दिवसांनी फटी संपल्या म्हणायच्या, की पुढची यायची आहे अजून? किती वाट पाहिली म्हणजे पहिला शब्द सोडून दुसरा धरायचा, हे मी नोंदीत लिहिलंच नाही. कुणी विचारलंही नाही. मधूनमधून विसरणाऱ्यांना शुश्रूषागृहवाले ठेवून घेत नाहीत. म्हणजे पहिल्यावर खूण केली तर ती घरीच राहील, आणि मी पुन्हा एकदा कडी लावायला विसरेन, आणि ती पुन्हा त्या हमरस्त्यावर, अनवाणी... दुसऱ्यावर केली तर उद्या सकाळी गाडी येईल.

"अहो," समोरच्या खुर्चीतून वाकून ती म्हणाली, "अडलंय का काही? द्या इकडे. माझ्या नवऱ्याचं सगळं मीच टाइप करते. त्याचं अक्षर म्हणजे नुसती गिचमीड." आणि हसली — परक्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून हसतात तशी.

"कुठे असतात ते?" त्याने विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"कचेरीत. येईलच इतक्यात. मला विचारल्याशिवाय तो काही करत नाही."

तिने कागद ओढून घेतला, चष्मा सारखा केला आणि ती पहिल्या प्रश्नापासून वाचू लागली, ओठ हलवत, एकेका ओळीखाली बोट धरून. सकाळपासून तो एका ‘तू’साठी जीव टाकत होता. एकच, पुढे काही मागणार नाही, म्हणत होता. आणि आता तिचं बोट खाली खाली सरकत असताना त्याच्या ध्यानात आलं, आपण भलतंच काही मागतो आहोत... तिने ओळखू नये. आज नको. हा कागद घरातून जाईपर्यंत तरी तिने मला अहोच म्हणावं.