ओळखण्याचे शब्द

त्या हिवाळ्यात आमच्या स्नोबर्डच्या खोऱ्यात तीन म्हातारी माणसं गेली, आणि तिघांच्याही घरी शेवटच्या दिवसांत अमोस जंपर बसून गेला होता.

आधी लोसाया रॅटलर. अमोस आठवडाभर त्याच्या खाटेशी बसून वहीत लिहीत होता. तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी लोसाया गेला. मग एटा स्मोकर गेली. मग तिची धाकटी बहीण, जिला नुसता खोकला होता. तिसऱ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या मागच्या खोलीत जेवताना बायका कुजबुजत होत्या. अमोस हातात ताटली घेऊन आत आला तशा सगळ्या गप्प झाल्या. त्यानं उभ्या उभ्याच खाल्लं.

नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. आम्ही चेरोकी माणसं ते लहानपणापासून ऐकत आलोय. माणूस आजारी पडला की डोमकावळ्या नावाचा चेटक्या येतो. दिसायला तुमच्याआमच्यासारखाच, पण कुणाला न दिसता घरात शिरतो, आजाऱ्याचं काळीज काढून खातो, आणि त्याची उरलेली वर्षं स्वतःच्या वयात घालतो. म्हणून तो अकाली सुरकुतलेला असतो. अंगावर इतक्या जणांची वर्षं वागवायची म्हणजे काय! आजाऱ्याजवळ जाणत्या माणसानं राखण करायची, ती त्याच्यासाठीच.

अमोस छत्तीस वर्षांचा होता. केस पांढरेशुभ्र, गाल आत गेलेले, हाताची कातडी सालीसारखी सुटलेली.

त्याची आई आमच्याच कुळातली, लांडग्याच्या. ती त्याला तान्हा असतानाच शहरात घेऊन गेली होती. दोन वर्षांपूर्वी तो एकटाच परत आला, नदीकाठच्या रिकाम्या घरात राहिला, आणि आपली भाषा शिकायला लागला. बोलायचा पाहुण्यासारखी, पण आमची लिपी इतकी सुबक लिहायचा की पाद्रीबाबा त्याच्याकडून स्तोत्रं उतरवून घेत. त्याला एकच नाद होता: म्हाताऱ्यांकडच्या जुन्या गोष्टी. त्यासाठी तो कुणाचीही लाकडं फोडून द्यायचा.

फेब्रुवारीत माझी आई अंथरुणाला खिळली. तिच्याइतक्या गोष्टी आता खोऱ्यात कुणालाच येत नव्हत्या. पाय सुजले, दम लागायला लागला, आणि तिनं पहिला निरोप धाडला तो अमोसला. मला न विचारता.

मी सॅम्पसनमामांना बोलावलं. ते आईच्या कुळातले, म्हणून माझे मामा. औषधपाणी आणि मंत्र दोन्ही जाणणारे. त्यांनी दाराबाहेर राखणीची जुनी तंबाखू जाळली, खुर्ची ओढून उंबऱ्याशी बसले, आणि मला म्हणाले, की तो आला तर आत सोडायचं की नाही ते तू ठरव, घर तुझं आहे; मी फक्त बघणार.

तो दुपारी आला. मी पायरीवरच उभी राहिले.

"आई झोपलीय," मी म्हणाले.

"मी थांबतो."

"अमोस, तू तीन घरं केलीस. हे चौथं."

त्यानं मान खाली घातली. "लोक काय म्हणतात ते मला कळतं, लोरीन. पण मला हे काम लांबवून चालणार नाही."

का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

आतून आईची हाक आली. "त्याला दारात काय उभं करतेस? येऊ दे. गोष्टी सांगून मेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. न सांगता मेलेली ढीगभर पाहिलीत."

तो चार दिवस आला. सकाळी यायचा, ऊन डोंगरामागे जायच्या आत उठायचा. मी चुलीशी असायची. घेवडा घातलेली मक्याची भाकरी पानांत गुंडाळून उकडायची आणि ऐकायची. आई खुलली होती. खंड्याला चोच कशी मिळाली ते सांगताना तर इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. पण रोज संध्याकाळी तिला कूस वळवताना माझ्या हाताला ती आदल्या दिवसापेक्षा हलकी लागायची. अमोसची वही मात्र भरत होती. त्याची पेन्सिल कागदावर खरखरली की मी उगाच चुलीत लाकूड सारायची. मामा उंबऱ्यातून हलत नव्हते. अमोसच्या मानेवरून त्यांची नजर ढळत नव्हती.

चौथ्या दिवशी आईनं डोमकावळ्याचीच गोष्ट काढली.

मी म्हटलं, ही नको. तिनं ऐकलं नाही. हळूहळू, दम घेत सांगत गेली. मग शेवटाला आली: जाणत्या माणसानं डोमकावळ्याला त्याच्या खऱ्या रूपात पाहिलं आणि ओळखलं, तर तो सात दिवसांत मरतो.

"ओळखलं म्हणजे काय करायचं, मावशी?" अमोसनं विचारलं. "नुसतं पाहायचं, की काही म्हणायचं असतं?"

आई उत्तर देणार तेवढ्यात मामा उठले. खुर्ची मागे सरकली. ते अमोसच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि जुन्या बोलीतले चार शब्द म्हणाले. अगदी हळू, शेजाऱ्याला वाट सांगावी तसे. अर्थ एवढाच, की तू कोण आहेस ते मी पाहिलं, आता तुला लपायला जागा नाही.

 अमोस मामांकडे बघत राहिला. मग त्यानं खाली पाहून वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, आईच्या कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

"हे तू काय केलंस, सॅम्पसन," आई म्हणाली. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

तिला पुरताना अमोस कुंपणाबाहेर उभा होता. त्याच्या जवळ कुणी गेलं नाही. मीही नाही.

मामांनी ते शब्द म्हटल्यापासून सहाव्या दिवशी पाद्रीबाबांना तो त्याच्या घरी सापडला, टेबलावर डोकं टेकलेला. खोऱ्यात ही बातमी पसरायला तासही लागला नाही, आणि नवल कुणालाच वाटलं नाही. काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याचं जवळचं कुणी नाही, आणि कूळ एकच, म्हणून घर आवरायला मी गेले. खिडकीत औषधांच्या बाटल्या होत्या, दोन ओळींत. शहरातल्या डॉक्टरांची पत्रं होती, सगळ्यात जुनं तो इथं परत यायच्या आधीचं. रक्ताचा आजार. त्या पत्रात फार तर दोन वर्षं म्हटलं होतं. टेबलावर अकरा वह्या होत्या, प्रत्येकीवर सांगणाऱ्याचं नाव. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि एकेक नाव वाचत गेले.

बाटल्यांचं मी सगळ्यांना सांगितलं. काही जण रडले. काही म्हणाले, आजार काय, डोमकावळ्यालाही होतो.  मामांनी लोकांकडे जाणं सोडलं. कुणी औषधाला बोलावलं तर दार उघडत नसत.

एप्रिलमध्ये, रानात कांद्याची पात वर आली तेव्हा, ते माझ्या घरी आले. खूप खंगले होते. बसले, आणि म्हणाले, "त्या दिवशी त्यानं काय लिहिलं, ते वाच."

मी अकरावी वही काढली. शेवटच्या पानावर आईची गोष्ट होती. ती संपते तिथं मामांचे चारही शब्द होते, तारखेसह, सांगणाऱ्याचं नाव सॅम्पसन अॅक्स असं घालून. खाली एक ओळ होती. मी सगळं मोठ्यानं वाचलं; ती ओळ अशी: "हे शब्द मला आजवर कुणी सांगितले नव्हते. मावशीला विचारायचं राहिलं, की ते कुणाला शिकवावेत."

मामांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी चारही शब्द पुन्हा म्हटले. ते खिडकीबाहेर बघत होते, नदीच्या बाजूला.

"तिसरा चुकलाय," ते म्हणाले. "त्याला नीट ऐकू आलं नाही. मी तो घशातून म्हटला होता."

मी म्हटलं, मामा, राहू दे.

"राहू दे कसं? चुकीचा राहिला तर पुढचाही चुकीचाच शिकेल." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. "लिही."

त्यांनी तो शब्द म्हणून दाखवला, एकदा, मग परत एकदा. मी त्या शब्दातलं अमोसचं चुकलेलं अक्षर खोडलं आणि त्याच्या शेजारी बरोबर अक्षर लिहिलं.