शार्दूलचं बेसणं

"फ्रीज आहे हा, फ्रीज!" कुशल आपला फोन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवत म्हणाला. "चाकं लावलेला फ्रीज. आणि नाव काय ठेवलंय? शार्दूल!"

"फ्रीज उघडला तर आत निदान काहीतरी खायला तरी असतं," मयंक म्हणाला.

रविवारी सकाळी साडेसातला दांडिया बाजारातल्या चहाच्या लारीसमोर, म्हणजे हातगाडीसमोर, 'पिस्टन परिवार, बडोदे' या मंडळाची बैठक भरली होती. परिवारात एकोणीस माणसं आणि अकरा गाड्या. त्यांपैकी चालू सहा. उरलेल्या पाचांना परिवारात 'विश्रांती घेत असलेल्या' म्हणत.

आदल्या दिवशी एका मोटार कंपनीने नवी इलेक्ट्रिक गाडी जाहीर केली होती. धड जीप नाही, धड मोटार नाही. जाहिरातीत तिला क्रॉसओव्हर म्हटलं होतं. एवढ्यावर परिवाराने चहाबरोबर दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण कंपनीने तिला आपल्याच जुन्या डिझेल गाडीचं नाव दिलं होतं. जुनी शार्दूल छत्तीस वर्षं बनत होती. ती चढावर निघाली की उतारावरची माणसं बाजूला होत.

"मेलेल्या बापाचं नाव पोराला ठेवावं, समजू शकतो," कुशल म्हणाला. तो विम्याचा एजंट होता आणि फावल्या वेळात गाड्यांचे व्हिडिओ करायचा. खरं तर उलटं होतं. "पण मिक्सरला ठेवू नये."

मग उदयसिंहराव बोलले. लारीवरचे कपसुद्धा शांत झाले. उदयसिंहराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, परिवाराचे अध्यक्ष, आणि चालू असलेल्या एकमेव शार्दूलचे मालक. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्याकडून एक तलवार आणि एक मिशी घराण्यात चालत आली होती. तलवार भावाकडे गेली. मिशी इतकी घनदाट होती की तिच्यामागे ओठ असावेत हे अनुमानानेच मानावं लागे. त्यांनी ती आयुष्यात एकदाच उतरवली होती, वडील गेले तेव्हा.

मिशी दोन-तीनदा हलली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

श्रीकृष्ण पागेनेही डोलावली. "बरोबर आहे, दादासाहेब."

काय बरोबर आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

श्रीकृष्ण हा परिवाराचा कान होता. हे पद त्याला बारा वर्षांपूर्वी मिळालं होतं. दर रविवारी एक गाडी सुरू करायची, श्रीकृष्णने हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे." "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चाललंय, महिनाभर काढेल." निकाल कधी चुकला नव्हता. परगावची माणसं गाडी विकत घेण्याआधी त्याला घेऊन जात, जसं मुलगी बघायला जाताना एका जाणत्या आत्याला नेतात.

पण दीड वर्षापूर्वी कानांनी राजीनामा दिला. आधी चिमण्या गेल्या, मग टॅपेटची टिकटिक, मग कुकरच्या शिट्या, आणि शेवटी इंजिनं. आता समोरचा माणूस नीट दिसला तर ओठांवरून बोलणं कळे. गाड्यांना ओठ नसतात. परिवार इलेक्ट्रिक गाड्यांवर दात खात होता, आणि श्रीकृष्णच्या लेखी गेल्या दिवाळीपासून बडोद्यातल्या सगळ्याच गाड्या इलेक्ट्रिक झाल्या होत्या.

तरी पद टिकून होतं. बोनेट किती थरथरतं ते हाताला कळे, धूर डोळ्यांना दिसे, आणि उरलेलं तो मालकाच्या चेहऱ्यावरून ओळखी. गाडीतला बिघाड मालकाच्या चेहऱ्यावर आधी येतो. फक्त उदयसिंहरावांच्या मिशीपुढे इलाज नव्हता. त्यामुळे दीड वर्ष तो त्यांच्या प्रत्येक बोलण्याशी सहमत होता.

"काका, मग ठरलं ने?" कुशलने त्याच्या तोंडासमोर येऊन विचारलं. "शनिवारी पाच ते सहा. निजामपुऱ्याच्या शोरूमसमोर. शार्दूलचं बेसणं!"

बडोद्यात घरात कोणी गेलं की बेसणं ठेवतात. पांढऱ्या कपड्यांत तासभर बसायचं, लोक येतात, फोटोला हात जोडतात, पाच मिनिटं गप्प बसतात आणि जातात. इंजिनाचं बेसणं आजवर कोणी ठेवलं नव्हतं. उदयसिंहरावांनी नुकतीच मांडलेली सूचना तीच होती, आणि श्रीकृष्णने तिला सर्वांआधी तोंडी अनुमोदन दिलं होतं.

*

"पांढरा सदरा कशाला?" नयनाने विचारलं. ती त्याच्यासमोर उभी राहून, तोंड मोठं उघडून बोलायची. "कोण गेलं?"

"डिझेल इंजिन."

नयनाने पस्तीस वर्षांच्या संसारात याहून विचित्र उत्तरं ऐकली होती. तिने कपाटातून चष्म्याचं घर काढलं आणि त्याच्या खिशात घातलं. त्यात चष्मा नव्हता. त्यात कानात घालायचं यंत्र होतं, शेंगदाण्याएवढं.

"रात्रभर चार्ज केलंय. आता तरी घाला. सांगून टाका ना त्यांना एकदाचं."

"ते लोक बॅटरीचं बेसणं घालायला निघालेत, नयना, आणि मी बॅटरी कानात घालून जाऊ?"

"बेसणं इंजिनाचं आहे ना?"

"तेच ते."

कान जाण्यात नयनाचाही थोडा हात होता, असं तो कधी बोलून दाखवत नसे. एकतीस वर्षं तो एका कारखान्याच्या कंप्रेसर शेडमध्ये होता. तिथे कानात घालायला दर महिन्याला कापसाचं पुडकं मिळे. कापूस उत्तम प्रतीचा होता. श्रीकृष्ण तो घरी आणी, आणि नयना त्याच्या वाती करी. एकतीस वर्षं देवापुढे त्याचे कान मंद तेवत होते.

शेडमध्ये त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. आवाजात नाव ऐकू जात नसे, म्हणून सगळे हाताची दोन बोटं दाखवत: कंप्रेसर नंबर दोन. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी नारळ देताना सवयीने दोन बोटंच दाखवली. दांडिया बाजारात मात्र तो येताना दिसला की लोक म्हणत, थांबा, बोनेट पाडू नका, श्रीकृष्णकाका आले. बहिरा माणूस परिवारात खुशाल चालला असता. पण बहिऱ्या कानाचं काय करायचं?

*

शनिवारी पाच वाजता शोरूमच्या काचेसमोर पांढरी चादर अंथरली होती. मध्ये पाटावर जुन्या शार्दूलचा पिस्टन, त्याला मोगऱ्याचा हार, बाजूला उदबत्ती. मागे एकोणीस माणसं पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून. काचेआड नवी शार्दूल उभी होती, निळी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी.

शोरूमच्या पहारेकऱ्याने आधी दंडुका उचलला. मग उदबत्ती पाहून त्याने टोपी काढली. बेसण्याला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही. पाच मिनिटांनी आतून पाण्याचे ग्लास आले.

मग लोक यायला लागले. खरे लोक. बाजाराला निघालेले दोघे स्कूटर लावून आले, हात जोडून बसले. एक म्हातारी कुशलच्या शेजारी टेकली आणि पदराने डोळे पुसून कशाने गेले ते विचारू लागली, "शेमां गया, बेटा?"

"प्रदूषणाच्या नियमांमुळे, बा."

"अरेरे. उंमर?"

"छत्तीस."

"बहु नानी उंमर," म्हातारी म्हणाली आणि एवढ्या लहान वयात गेलेल्यासाठी इतकी मनापासून रडली की मयंकलाही हुंदका आला. त्यानंतर त्याला थांबवणं अवघड गेलं.

साडेपाचला शोरूममधून अवंती बाहेर आली. नवी गाडी लोकांना दाखवणं ही तिची पहिलीच नोकरी, आणि हा पहिला आठवडा. तिने पिस्टनला हात जोडले, चादरीवर बसली, बरोबर पाच मिनिटं. मग म्हणाली, "काका, एक सांगू? आमच्या गाडीत जुन्या शार्दूलचा आवाज आहे. स्पीकरमधून. खऱ्या इंजिनाचा रेकॉर्ड केलाय. ऐका तरी एकदा."

"स्पीकरमधून!" कुशल ओरडला. "उद्या स्पीकरमधून पोट भरा म्हणाल! ठीक आहे. आमचा कान इथे बसलाय. काका, चला. होऊन जाऊ दे!" आणि त्याने फोनचा कॅमेरा सुरू केला.

श्रीकृष्ण उठला, कारण उठण्यावाचून मार्ग नव्हता.

निळी गाडी बाहेर आणली गेली. गल्लीत आणि फुटपाथवर दोनशे माणसं गोळा झाली. श्रीकृष्णने स्क्रू-ड्रायव्हर बोनेटवर टेकवला, मूठ कानाला लावली. अवंती आत बसली. काचा काळ्या होत्या, तिचा हात दिसेना. तो थरथरीची वाट पाहू लागला. थरथर आली नाही. धूर यायचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्याने हळूच एक डोळा उघडून माणसांचे चेहरे पाहिले. सगळे बेसण्याला आले होते. सगळ्यांचे चेहरे एकसारखे पडलेले होते. आवाज सुरू झालाय की व्हायचाय, चांगला की वाईट, एका चेहऱ्यावर एक अक्षर नव्हतं.

तो थांबला. लोकही थांबले. एक मिनिट गेलं असेल. उदबत्तीची राख पिस्टनवर पडली.

ही मुलगी आत करतेय तरी काय, असं वाटून श्रीकृष्ण वाकला आणि काचेवर टिचकी मारून अगदी सौम्यपणे म्हणाला, "हं, बेटा. कर सुरू."

दोनशे माणसांनी एका वेळी तोंडं उघडली. टाळ्या त्याला दिसल्या. कुशल नाचत होता. मयंक रडता रडता हसत होता. स्पीकर पूर्ण मिनिटभर घुमत होता, आणि परिवाराच्या कानाने एवढंच म्हटलं होतं: कर सुरू. इतका खोल अपमान आजवर कुठल्याच गाडीचा झाला नव्हता.

अवंती दार उघडून उतरली. तिच्या ओठांवरून त्याला कळलं. "काका, चालूच होता." तिचे डोळे भरले होते. ही एकच गोष्ट त्या दिवशी त्याला स्वच्छ ऐकू आली असं म्हणता येईल.

त्याला म्हणायचं होतं, बेटा, तुझ्या गाडीचा दोष नाही. पण लोकांनी त्याला उचललं होतं. खाली उतरवलं तेव्हा समोर उदयसिंहराव होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांची मिशी एकदा हलली, थोडी थांबली, पुन्हा हलली.

"बरोबर आहे, दादासाहेब," श्रीकृष्ण म्हणाला.

*

आठवडाभरात कुशलचा 'कर सुरू' हा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. फुकट सल्ले मागणारी माणसं घड्याळी पोळ या त्याच्या गल्लीत त्याचं घर शोधत येत होती. श्रीकृष्ण जेवत नव्हता. गुरुवारी तो निजामपुऱ्याला जाऊन शोरूमच्या काचेबाहेरून परत आला. अवंती आत कोणाला तरी गाडी दाखवत होती. तो माणूस हसत तिला काहीतरी म्हणाला. दोन शब्दांचं होतं. श्रीकृष्णला ओठांवरून ते वाचता आलं, आणि वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

"सांगणार आहे आज," रविवारी निघताना तो नयनाला म्हणाला. चष्म्याचं घर त्याने स्वतःहून खिशात घातलं.

लारीवर तो पोचला तेव्हा परिवार उभा होता आणि कोणी चहा पीत नव्हतं. शार्दूलचं दार उघडलं होतं. उदयसिंहराव उतरत होते.

त्यांना मिशी नव्हती.

"दादासाहेब..." कुशलचा कॅमेरा हातातच राहिला. "शार्दूलसाठी? बापासारखी?"

मयंकने हात जोडले. कोणीतरी टोपी काढली. उदयसिंहरावांनी कोणाकडे पाहिलं नाही. ते सरळ श्रीकृष्णसमोर आले आणि उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. ओठ पातळ होते, डावीकडे जरा वाकडे. बारा वर्षांत श्रीकृष्ण ते पहिल्यांदाच पाहत होता. ओठ सावकाश हलले.

"त्या दिवशी मी तुला विचारलं, श्रीकृष्णा, तुला ऐकू येत नाही का रे? तू म्हणालास, बरोबर आहे, दादासाहेब."

श्रीकृष्ण घाबरून कुशलकडे वळला. कुशल हातभर अंतरावर होता, आणि मान पुढे काढून विचारत होता, "काय? काय म्हणतायत? काका, दादासाहेब काय म्हणाले?"

तेव्हा त्याला कळलं. उदयसिंहराव आवाज न काढता बोलत होते.

"कानाला यंत्र मिळतं," ओठ म्हणाले. "ते लाव. त्या पोरीकडे दोघं जाऊ. मी येतो बरोबर. फक्त उशीर करू नकोस. मला मिशी वाढवायची आहे."

श्रीकृष्णने मान डोलावली. दीड वर्षात त्यांच्यासमोर ती पहिल्यांदाच कळून हलली होती. त्याचा हात खिशातल्या चष्म्याच्या घरावर गेला आणि तिथेच राहिला.

उदयसिंहरावांनी समाधानाने, सवयीने, उजव्या हाताची दोन बोटं ओठावर नेली, तिथल्या रिकाम्या हवेला एक पीळ दिला, आणि हात सावकाश खाली घेतला.