तुळसाबाईच्या नत्थूचा पिक्चर

तीनच्या खेळाला जायचं म्हणून तुळसाबाई बारा वाजताच धुवट लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली होती. देवाजी तिला न्यायला आला तेव्हा त्याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

"काहून गा, असा पांढरा पडला?" तिने विचारलं. "खरी लढाई पाहून आला, अन् पिक्चरच्या लढाईले भेतं?"

"ऊन लागलं, मावशी."

"थंडीचं ऊन लागते का कोणाले? चाल, रिक्शा थांबव."

देवाजी भ्याला होता, हे मात्र खरं. बासष्टच्या चीनच्या लढाईला आता बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं तो दर रविवारी तुळसाबाईच्या हातचं जेवत आला होता. तिचा नत्थू त्याच्याच पलटणीत होता. एकाच वस्तीतले, एकाच दिवशी भरती झालेले. नत्थू गेला आणि देवाजी परत आला. वस्तीत ती सांगायची, "एक पोरगा देशाले देल्ला, एक देशानं मले देल्ला."

देवाजी सातवी शिकलेला, म्हणून पलटणीत पत्रं लिहायचं काम त्याच्याकडे असे. ज्याला लिहिता येत नसे तो शेजारी येऊन बसे आणि देवाजी त्याच्या घरच्यांना हवं ते लिही. पायाला फोड आले असले तरी तब्येत उत्तम, जेवण मिळालं नसलं तरी जेवण चांगलं. खोटं लिहितो असं त्याला कधी वाटलंच नाही. घरची पत्रं अशीच लिहायची असतात. पुढे आसामातल्या इस्पितळात, पायाची दोन बोटं कापलेली असताना, त्याने तुळसाबाईला पत्र लिहिलं तेही त्याच हाताने आणि त्याच रीतीने. नत्थूने शेवटच्या गोळीपर्यंत चौकी सोडली नाही. छातीवर गोळी घेतली. मरताना आईचं नाव घेतलं. एका क्षणात गेला, काही त्रास झाला नाही.

खरं असं होतं की चौकीवरच्या गोळ्या दुपारीच संपल्या आणि मागे हटायचा हुकूम आला. उतरताना नत्थूचं मांडीचं हाड मोडलं. देवाजीने त्याला कोसभर पाठीवर आणलं, मग एका दगडाआड ठेवलं आणि तो चालता झाला. त्या वेळी नत्थू जिवंत होता.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक सिनेमाचा माणूस जवानांच्या घरच्या हकिकती गोळा करीत नागपुरात आला. तुळसाबाईने त्याच्यापुढे ते पत्र आणि देवाजीच्याच हातची नत्थूची आधीची पत्रं ठेवली. त्या दिवसापासून देवाजीचा जीव टांगणीला लागला होता. तोच पिक्चर आज लागला होता.

टॉकीजच्या दाराशी मॅनेजर विश्वनाथ हार घेऊनच उभा होता. मध्यंतरात देवाजीला स्टेजवर बोलवायचं, हे त्याने वस्तीत येऊन आधीच ठरवून टाकलं होतं. "मेडल लावून आले ना? बस. दोनच वाक्यं. मी तिथं होतो. हे असंच झालं."

"साहेब, पोस्टरवरच्या जवानाइच्या पायात केवढे बूट हायेत. आमच्यापाशी कॅनव्हासचे जोडे होते."

"देवाजी, पब्लिक पाय पाहाले येते का?"

"अन् आम्ही मागं हटलो होतो."

विश्वनाथने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे माइकवर नका बोलू. मागं हटलेले पाहाले कोणी येत नाही. माह्या खुर्च्या फोडतीन. लोकाइले टाळी वाजवाची राहते, वाजवू द्या. तुमचं काय जाते?"

देवाजी तुळसाबाईला घेऊन आत गेला.

आत अंधार झाला. पडद्यावर बर्फ पडू लागलं, कापूस पिंजल्यासारखं. हीरो बर्फात गाणं म्हणाला. कोणाच्याही तोंडातून वाफ निघत नव्हती. तेवढंच पाहत राहिलं तर निभेल, असं देवाजीने मनाशी ठरवलं. तेवढ्यात हीरोच्या आईच्या हातात एक पत्र आलं आणि ती ते वाचून घेऊ लागली: तब्येत उत्तम, जेवण चांगलं. शब्दन् शब्द त्याचा.

मध्यंतरात तो स्टेजवर कसा चढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गळ्यात हार पडला. माइक शिट्टीसारखा वाजला. पहिल्या रांगेत तुळसाबाई पदर सावरून, हात जोडून बसली होती.

"मी तिथं होतो," तो म्हणाला. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला. विश्वनाथ बाजूने खाकरला, तेव्हा देवाजीने दुसरं वाक्य म्हटलं, "हे असंच झालं."

टाळ्यांनी छपराचे पत्रे हादरले. देवाजी खाली तुळसाबाईशेजारी येऊन बसला.

खेळ पुन्हा सुरू झाला. हीरो घायाळ झाला, आणि मग पडद्यावर असं काही आलं जे पत्रात कुठेच नव्हतं. हीरोचा मित्र त्याला सोडून जायला तयार नव्हता. हीरोने त्याला ढकललं. आपल्या आईची शपथ घातली. म्हणाला, तू जा, माझ्या आईला सांभाळ. मित्र रडत रडत निघाला. मागच्या बाकांवर कोणीतरी नाक ओढलं.

तुळसाबाईने अंधारात देवाजीचं मनगट धरलं. "हे तू नव्हतं लिहिलं गा."

देवाजीने दुसऱ्या हाताने गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"त्यानं माही शपथ घातली म्हणून तू आला. अन् मले सांगाले लाजला, इतके वर्सं." ती त्याच्याकडे वळली. "मी पापीण हावो रे. तू जेवाले बसला का मनात येये, हा कसा आला अन् माहा कसा नाही आला. मले माफ कर."

नुसती मान हलवायची होती. रविवार राहिले असते, जेवण राहिलं असतं, घर राहिलं असतं. पत्रातलं खोटं त्याने तिच्यासाठी लिहिलं होतं. हे खोटं मुंबईच्या माणसाने, त्याला न ओळखता, त्याच्यासाठी लिहिलं होतं, आणि वर म्हातारी त्याची माफी मागत होती. देवाजीला आता जशी भीती वाटली तशी त्या डोंगरावरही वाटली नव्हती.

"नाही, मावशी."

"काय नाही?"

"त्यानं नाही पाठवलं मले. तो थांब म्हणे."

पडद्यावर मशीनगन सुरू झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिला ऐकू गेलं नसावं असं त्याला वाटलं, नसेल तर बरं असंही वाटलं. मनगटावरचा हात तसाच होता, पण त्यातली पकड गेली होती.

"गोळी?" तिने विचारलं.

"नाही. पाय मोडला होता. जिता होता."

"किती वेळ म्हणे, थांब?"

"मी चालत होतो तं आवाज येतच होता. मंग वारा सुटला."

तिने हात काढून घेतला. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे हीरो एकटाच उभा राहून गोळ्या झाडत होता. मग ती खुर्चीचे दांडे धरून उठली. मागून कोणीतरी ओरडलं, "ए बुढी, बस ना खाली."

"बाहेर चाल," ती देवाजीला म्हणाली. "कुठं ठेवलं, कसं ठेवलं, तोंड कोणीकडं होतं, सगळं सांग. काही सोडू नको."

ती लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाली. देवाजीने हार खुर्चीवर ठेवला. तो तिच्या मागे निघाला.