टाकी कोण बघणार?

शाळेच्या प्रदर्शनात माझ्या टाकीला पहिलं बक्षीस मिळालं आणि तिथेच माझं नशीब फुटलं! खाली गोड्या पाण्यातल्या कोळंब्या, वर खडीच्या ट्रेमध्ये पुदिना. कोळंब्यांच्या घाणीवर पुदिना पोसतो, पुदिना पाणी गाळून खाली सोडतो, मधे एक पंप. पण घरात हे कळणारी मी एकटीच. मग वाढदिवस असो की सहल, बाबांचं पालुपद एकच: "तू गेलीस तर टाकी कोण बघणार?" कोळंब्या काचेच्या आत, मी बाहेर, पण फिरायला जागा त्यांनाच जास्त.

या वेळी मात्र हँडबॉलच्या संघात गोलकीपर म्हणून माझी निवड झाली होती. बाहेरगावी सामने! जेवताना मी चक्क उभी राहून सांगितलं, "मी जाणार." बाबा "हं" म्हणाले. "हं" म्हणजे हो, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

बस सुटणार, एवढ्यात बाबांचा फोन.

"ताबडतोब ये! मोठी गेली. तळाशी आडवी पडलीये. आता सगळ्याच मरतील!"

खिडकीची जागा सोडून मी उतरले. सर म्हणाले, "नाक्यावरच्या पेट्रोल पंपावर थोडं थांबू. तिथे आलीस तर ठीक, नाहीतर राखीव मुलीला उभं करतो."

घरी बाबा बाह्या सरसावून उभे. तळहातावर ती, मिशांसकट. मी तिला चिमटीत धरून उजेडात नेलं. आत काहीच नव्हतं.

"बाबा, हे नुसतं कवच आहे. तिनं कात टाकलीये!"

"मग ती कुठंय?"

"त्या पाइपाच्या तुकड्यात. अंग मऊ आहे तोवर बाहेर आली, तर घरच्याच खातात तिला."

"घरच्यांचं तसंच असतं," दारातून आत्या म्हणाली.

बाबांनी वाकून पाहिलं. पाइपात दोन काळे डोळे. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं. आता आलीच आहेस, तर ट्रे पण साफ करून टाक."

आणि माझा हात जाळीकडे गेलासुद्धा! पायात खेळाचे बूट, आणि हाताला सवय टाकीची. मी जाळी उचलली आणि बाबांच्या हातात दिली.

"आज तुम्ही."

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी आधी कुठं कळत होतं? कवच परत पाण्यात टाका, ती खाईल. दाणे संध्याकाळी, चिमूटभर. पंप बंद पडला तर मगाने पाणी वर ओतत राहा."

आत्याने स्कूटरची किल्ली वाजवली. "चल गं, पळ!"

आम्ही जिना उतरतोय तोच वरून हाक आली. "चिमूट कोणाची? तुझी की माझी?"

"माझी!"

वळणावर खिशात फोन थरथरला. "उचललास तर इथेच उतरवीन," आत्या ओरडली. मी तो सॅकमध्ये, मोज्यांच्या आत कोंबला. तरी पाठीवर थरथर चालूच. समोर पेट्रोल पंप, बस, आणि तिचं मिटत चाललेलं दार. स्कूटर थांबायच्या आत मी दोन्ही हात वर केले आणि गोलमधून ओरडते तशी ओरडले.

दार अर्ध्यावर थांबलं. पाठीवरचा फोन मात्र थांबायला तयार नव्हता.